ऑटिझम असल्याचं सांगावं का? कुणाला, किती आणि कशासाठी

निदानाचा अहवाल हातात पडला त्या रात्री मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी एक संदेश लिहिला. चांगला दीड पानभर. ‘सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे’ अशी सुरुवात, मग लहानपणीच्या चार आठवणी, मग मी कार्यक्रमांतून न सांगता का निघून जायचे याचा खुलासा. ग्रुपमध्ये ३१ माणसं. अंगठा बाणावर नेला आणि तेवढ्यात कुणीतरी वेड्यांच्या इस्पितळावरचा एक विनोद टाकला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी संदेश पाठवला नाही. पुसलाही नाही, वहीत उतरवून ठेवला.

ज्यांना मोठेपणी नुकतंच निदान मिळालंय, किंवा निदान नाही पण मनाशी खात्री पटलीय, आणि आता ‘सांगू का?’ हा प्रश्न डोक्यात घोळतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. काही जणांना सांगून बसलेय, काहींना सांगायचं राहून गेलंय, आणि दोन्हींतून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. त्या रात्री मला वाटत होतं की एकदाच काय तो निकाल लावायचा: सांगायचं की लपवायचं. असा एक निकाल लागत नसतो. माणूस बदलला की प्रश्न नव्याने सोडवावा लागतो: याला सांगून माझं कोणतं काम होणार आहे, आणि त्यासाठी कमीत कमी किती सांगावं लागेल?

१. आधी थोडे दिवस गप्प बसा

निदानानंतरचे दिवस विचित्र असतात. सुटल्यासारखं वाटतं आणि रडूही येतं. शाळेतलं ते भांडण, ती सोडलेली नोकरी, तुटलेली मैत्री, सगळ्याचा हिशेब पुन्हा लागायला लागतो. या भरात माणूस भेटेल त्याला सांगत सुटतो. थांबा. आज न सांगितलेलं उद्या सांगता येतं. आज सांगितलेलं उद्या परत घेता येत नाही.

मी तीन महिने थांबले. तुम्हाला तीन आठवडे पुरतील, कुणाला वर्ष लागेल. या काळात एक काम मात्र करायचं: आपलं आपल्याला नीट समजून घ्यायचं. कारण समोरचा पहिल्या झटक्याला विचारणार, ‘म्हणजे नक्की काय?’ तिथे आपण चाचरलो की ती जागा तो सिनेमात पाहिलेल्या कुठल्यातरी पात्राने भरून टाकतो. दोन-तीन वाक्यं पाठ असू द्या. ऑटिझम ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी जडणघडण आहे. तो मोठेपणी जडत नाही. मोठेपणी फक्त लक्षात येतो. प्रत्येकात त्याचं रूप वेगळं असतं. जुन्या कागदांवर ‘ॲस्पर्जर’ असा शब्द असेल तर गोंधळू नका. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो आणि असे आणखी काही प्रकार ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आणले गेले.

थांबण्याला अपवाद डॉक्टरांचा. ऑपरेशन असेल, दात काढायचा असेल, कुठे दुखतंय ते शब्दांत सांगता येत नसेल, तर तिथे लगेच सांगा. वेदना चेहऱ्यावर न दिसणं ही आपल्यापैकी अनेकांची अडचण आहे, आणि चेहरा बघून तपासणाऱ्या माणसाला ती माहीत असलेली बरी.

निदान झालेलं नसेल तर? मित्राला ‘वाचून-तपासून मला वाटतंय की मी ऑटिस्टिक असावी’ एवढं सांगायला कुणाचा शिक्का लागत नाही. कार्यालयात रीतसर सवलत मागायची असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी कागद मागतात.

२. नाव बाजूला ठेवा, गरजा लिहून काढा

वहीचं एक पान घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे काय त्रास होतो, उजवीकडे काय केल्याने तो कमी होईल. माझ्या पानावरच्या काही ओळी अशा होत्या. ट्यूबलाइटची घरघर: दुसऱ्या टेबलावर बसायला मिळावं. न सांगता आलेला फोन: आधी मेसेज यावा. ‘बघ जरा, लवकर करून टाक’: नेमकं काय करायचं आणि किती वाजेपर्यंत, ते लिहून मिळावं. चौघांच्या गप्पांत आपण कधी बोलायचं ते न कळणं: इथे उजवी बाजू बरेच दिवस कोरीच होती.

आता प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारा, ही गोष्ट मिळवायला ‘ऑटिझम’ हा शब्द लागतो का? माझ्या चौदा ओळींपैकी नऊंना लागला नाही. ‘फोन करण्याआधी मेसेज टाक, म्हणजे मी हातातलं काम संपवून नीट बोलते’ असं म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. ‘बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मिळाले तर तयारी करून येईन’ हे ऐकून तर वरिष्ठ खूश होतात. नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच: जे नुसतं मागून मिळतं, त्यासाठी आपलं गुपित खर्च करू नका.

उरलेल्या पाच ओळींत खरी मेख आहे. काही गोष्टींचा लोक आधीच अर्थ लावून बसलेले असतात. नजरेला नजर देत नाही म्हणजे काहीतरी लपवतेय. चेहरा कोरा म्हणजे शिष्ट. मधेच उठून गेली म्हणजे अपमान केला. तिथे नुसती गरज सांगून भागत नाही, कारण सांगावं लागतं. दुसरं म्हणजे मोठा आणि कायमचा बदल हवा असेल, बसायची जागा, कामाचे तास, परीक्षेत जादा वेळ, तर त्याला आधार लागतो. आणि तिसरं कारण लोक वहीत लिहीतच नाहीत: कुणीतरी आपल्याला पूर्ण ओळखावं असं वाटणं. यातून कसलीही सोय होत नाही, कामही अडत नाही. तरी हे कारण चालतं. लिहा.

३. न सांगण्याची किंमत मोजा

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये एक फरक दाखवून दिला होता. ज्याचं वेगळेपण उघड दिसतं त्याला माणसांमधला अवघडलेपणा सांभाळावा लागतो. ज्याचं दिसत नाही त्याला माहिती सांभाळावी लागते. कुणाला काय ठाऊक आहे, कुणापुढे काय बोलून गेलो, याचा हिशेब चोवीस तास मनात चालू. आपण या दुसऱ्या प्रकारातले.

या सांभाळण्याला इंग्रजीत मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा चढवणं. हसण्याचा सराव करणं, समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघून नजर दिल्यासारखं दाखवणं, हात हलवावेसे वाटले की खिशात घालणं. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९२ ऑटिस्टिक प्रौढांना याबद्दल विचारलं. मिसळून जाण्यासाठी आणि नाती जोडण्यासाठी हे करतो, असं लोकांनी सांगितलं. आणि त्यानंतर पार गळून जातो, आपण नक्की कोण हेच कळेनासं होतं, हेही सांगितलं.

तुमची किंमत किती ते दोन आठवडे टिपून बघा. रोज रात्री एक ओळ पुरे. आज कुणासमोर मुखवटा होता, आणि घरी आल्यावर किती वेळ अंधारात पडून राहावं लागलं. माझ्या नोंदीत मला वाटलं होतं तसं कार्यालय वर आलं नाही, एक मैत्रीण वर आली. तिच्यावर माझा जीव होता आणि तिला भेटून आल्यावर मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठू शकत नव्हते. सर्वांत आधी कुणाला सांगायचं ते त्या पानाने ठरवलं.

उलट बाजूही तेवढीच खरी. ज्या घरात तुम्ही पैशासाठी कुणावर अवलंबून आहात, जिथे हे कळल्यावर तुमचे निर्णय दुसरे घ्यायला लागतील, जिथे नोकरी आधीच डळमळीत आहे, जिथे मुलांच्या ताब्यावरून वाद चालू आहे, तिथे तोंड न उघडणं हाच शहाणपणा ठरू शकतो. ताब्याच्या वादात तर आधी वकिलाशी बोला. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘मोकळेपणाने जगा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुमचं घरभाडं त्यांना भरायचं नसतं.

४. माणूस पारखून घ्या

माणूस स्वभावाने चांगला आहे, एवढ्यावर जाऊ नका. चांगल्या माणसांनीच माझी गोष्ट सर्वांत जास्त पसरवली, कौतुकाने. मी बघते ते वेगळं. दुसऱ्यांच्या खासगी गोष्टी हा माझ्यापुढे कशा बोलतो? कुणाचा घटस्फोट, कुणाची मानसोपचाराची गोळी, कुणाचं मूल उशिरा बोलायला लागलं, हे तो माझ्याजवळ ज्या सुरात सांगतो त्याच सुरात माझं दुसऱ्याजवळ सांगणार. याच्या हातात माझं काय आहे: पगार, बढती, घर, मुलं? आणि आमचं एकदा बिनसलं होतं तेव्हा जुनं उकरून काढलं होतं का?

पाणी किती खोल आहे ते बघायला एक खडा टाकता येतो. ग्रेटा थुनबर्ग किंवा पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेम्पल ग्रँडिन यांचा विषय काढा. दोघींनी आपल्या ऑटिझमबद्दल उघडपणे सांगितलेलं आहे. समोरचा काय बोलतो ते ऐका. पण या परीक्षेवर फार विसंबूनही चालत नाही. लांबच्या प्रसिद्ध माणसाचं वेगळेपण सगळ्यांना गोड लागतं; शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईचं तसं नसतं. मी उत्तराच्या मजकुरापेक्षा एकाच गोष्टीकडे लक्ष देते: त्याने एखादा प्रश्न विचारला की थेट मतच दिलं? विचारणारा माणूस सहसा सांगण्याजोगा निघतो.

५. शब्द ठरवा, आणि जमलं तर लिहून द्या

आपल्या भाषेत यासाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, त्यावरून ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ रूढ केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. त्याचं आपण इमानाने भाषांतर केलं. पण ‘मी स्वमग्न आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? ही आपल्याच नादात असते, हिला दुसऱ्यांचं काही पडलेलं नाही. एका काकूंनी मला समजावलंही होतं, ‘अगं, जरा लोकांत मिसळत जा, म्हणजे जाईल.’ तेव्हापासून मी सरळ ‘ऑटिझम’ म्हणते. शब्द परका वाटला तर समोरचा निदान विचारतो तरी. ‘मला ऑटिझम आहे’ की ‘मी ऑटिस्टिक आहे’ यावर आपल्याच मंडळींत वाद आहेत. तुमच्या जिभेवर जे सहज येतं ते घ्या आणि पुढे चला.

तोंडी सांगायचं की लिहून? मी लिखाणाच्या बाजूची, आणि त्याला कारण आहे. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक आणि इतर माणसांची काही सेकंदांची चित्रफीत दाखवली, नुसता आवाज ऐकवला, नुसता फोटो दाखवला. दर वेळी ऑटिस्टिक माणसांबद्दलचं पहिलं मत वाईट पडलं. मग त्याच माणसांचं बोलणं नुसतं कागदावर उतरवून वाचायला दिलं, आणि फरक नाहीसा झाला. आपण बोलतो त्यात खोट नव्हती. सूर, चेहरा, हातवारे यांत लोक अडकत होते. मग सगळ्यांत नाजूक गोष्ट त्याच वाटेने का पाठवायची?

त्या मैत्रिणीला मी पाठवलेला मजकूर असा होता:

‘तुला एक सांगायचं होतं. मला ऑटिझम आहे, हे मला यंदा कळलं. मी कालची तीच आहे, फक्त काही गोष्टींचं कारण सापडलंय. चार जण एकदम बोलायला लागले की मला कुणाचंच धड ऐकू येत नाही आणि मी गप्प होते. ते तुझ्यावर रागावून नसतं. तशी गप्प झाले तर काय झालं विचारू नकोस, दहा मिनिटं बाहेर जाऊन येऊ दे. बाकी कुणाला यातलं बोलू नकोस, ज्यांना सांगायचं त्यांना मीच सांगेन. आणि लगेच काही उत्तर द्यायला हवं असं नाही.’

यातलं एकेक वाक्य घासून ठेवलेलं आहे. उदाहरण एकच, तेही तिने डोळ्यांनी पाहिलेलं. मागणी एकच आणि तिला आजपासून करता येईल अशी. कुणाला कळावं याची हद्द स्पष्ट. शेवटची ओळ मला वाटतं सगळ्यांत कामाची. माणसाला विचार करायला वेळ दिला की तो घाईने काहीतरी बरळत नाही. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं: ‘बरं. मग आपण त्या गोंगाटाच्या जागी भेटायचं बंद करू या का? मलाही तिथे आवडत नव्हतं, तुला आवडतं म्हणून येत होते.’

६. नेहमीच्या प्रतिक्रिया, आणि त्यांचं काय करायचं

‘बघून अजिबात वाटत नाही!’ हे प्रशस्तिपत्रक समजून दिलं जातं. मी म्हणते, ‘वाटू नये म्हणून बरीच मेहनत घेत होते, तीच आता कमी करायची आहे.’

‘आपण सगळेच थोडेफार तसे असतो.’ यावर चिडू नका, बहुतेक वेळा तो धीर द्यायचा प्रयत्न असतो. आवाजाचा त्रास सगळ्यांना होतो; त्या त्रासाने दुसरा दिवस आडवा होणं सगळ्यांना होत नाही. एवढं सांगून पुढे जायचं.

‘लसीमुळे झालं का?’ नाही. १९९८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ज्या लेखामुळे ही भीती पसरली तो लेख त्यांनीच २०१० मध्ये मागे घेतला. एका वाक्यात संपवा, वाद घालत बसू नका. तुम्ही स्वतःबद्दल सांगायला गेलेले असता. बघता बघता तुम्ही वक्ते होता आणि समोरचा श्रोता, आणि मूळ विषय बाजूलाच राहतो.

‘पण तुम्हाला दुसऱ्यांचं मन कळत नाही ना?’ हा प्रश्न मला पूर्वी फार लागायचा. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये याचं जे उत्तर दिलं ते आता मी वापरते: न कळणं दोन्हीकडून आहे. मला तुमचं मन चटकन वाचता येत नाही, तसं तुम्हालाही माझं वाचता येत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही तशी गैरसमजाचीही वाजत नाही.

आणि काही जण काहीच बोलत नाहीत, विषय बदलतात. त्यांना नावं ठेवू नका. महिन्याभराने येऊन बोलणाऱ्यांत तेच जास्त असतात.

७. नोकरीच्या ठिकाणी

इथे सर्वांत सावकाश. आधी एक फसलेला प्रसंग. जुन्या नोकरीत मी मॅनेजरना सांगायचं ठरवलं. वाक्यं पाठ केली, वेळ मागून घेतली, बंद खोलीत दार लावून एका दमात बोलून टाकलं. ते फार सज्जनपणे ऐकत होते. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, आम्ही काळजी घेऊ,’ म्हणाले. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की ग्राहकांबरोबरच्या बैठकांच्या निमंत्रणांत माझं नावच नाही. विचारलं तर म्हणाले, ‘तुला त्रास नको म्हणून.’ त्या बैठका मला आवडायच्या! विषय ठरलेला, वेळ ठरलेली, बोलायची पाळी ठरलेली. माझा जीव जायचा तो बैठक संपल्यावर दारात उभं राहून चालणाऱ्या गप्पांनी.

त्यांच्यावर राग काढून उपयोग नव्हता. मी निदान सांगितलं होतं, यादी दिली नव्हती, आणि रिकाम्या जागेत त्यांनी त्यांची कल्पना भरली. तेव्हापासून मी कामाच्या ठिकाणी दोन याद्या देते: काय बदलायला हवं, आणि काय अजिबात बदलायचं नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. हव्या असलेल्या सोयीसाठी माणूस पुन्हा मागणी करू शकतो. काढून घेतलेलं काम बऱ्याचदा कळतसुद्धा नाही.

केव्हा सांगायचं? अर्जात सांगितलंत तर मुलाखतीत सोय मागता येते, उदाहरणार्थ प्रश्न आधी लेखी मिळावेत. पण तुम्हाला पाहण्याआधी तुमच्याबद्दल मत होण्याचा धोका असतो. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर सांगितलंत तर तो धोका बराच उतरतो. रुजू होऊन काम दाखवल्यावर सांगणं मला व्यक्तिशः सगळ्यांत सोयीचं वाटतं, पण त्यात एक सापळा आहे. आपण ‘अजून थोडं थांबू’ करत राहतो आणि शेवटी सांगतो ते कामाबद्दल तक्रार आल्यावर. मग खरं कारणसुद्धा सबबीसारखं ऐकू येतं. म्हणून काहीतरी बिनसू लागलंय असं जाणवताच, तक्रारीच्या आधी, बोला.

कायद्याचा आधार अनेक देशांत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. अमेरिकेचा १९९० चा, ब्रिटनचा २०१० चा आणि भारताचा २०१६ चा कायदा याच विषयाचे. भारताच्या कायद्यातल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझमचं नाव आहे. पण कायद्याचं दार उघडायची किल्ली म्हणजे ‘अपंगत्व’ हा शब्द, आणि तो स्वतःला लावायला आपल्यापैकी कित्येकांची जीभ रेटत नाही. माझीही रेटत नव्हती. त्यावर घाईने निर्णय नको. एवढंच लक्षात असू द्या की मालकाला माहीतच नसेल तर सोय न दिल्याबद्दल त्याला जाब विचारणं अवघड जातं. म्हणून जे बोललात ते त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पक्कं करा: ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे शांत खोलीत बसण्याची आणि सूचना लेखी मिळण्याची मी विनंती केली आहे. ही माहिती तुमच्यापुरती आणि एचआरपुरती राहावी.’ तो कागद कोणत्या फायलीत जाणार आणि ती फाइल कोण उघडू शकतं, हे एचआरला विचारायला लाजू नका.

८. घरी

आईवडिलांना सांगताना एक गोष्ट आधीपासून धरून चाला: तुम्ही सांगाल ‘मला ऑटिझम आहे’, त्यांना ऐकू येईल ‘तुमचं चुकलं’. माझ्या आईचं पहिलं वाक्य ‘मी नोकरी करत होते म्हणून का गं?’ हे होतं. हा अपराधीपणा हवेतून येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर कित्येक वर्षं तज्ज्ञच आयांच्या थंडपणाला दोष देत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, ती कल्पना खोडून काढायला घेतली. १९७७ च्या जुळ्यांवरच्या अभ्यासानंतर आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसत गेलं. तेव्हा पहिलं वाक्य त्यांना मोकळं करणारं असू द्या: ‘आई, तू काही चुकलेली नाहीस, हे जन्मापासूनच असतं.’ मग बाकीचं.

आनुवंशिकता म्हटली की आणखी एक दार उघडतं. तुमच्या आठवणी ऐकता ऐकता वडील म्हणतील, ‘यात काय विशेष, मीही असाच आहे.’ ते खरंही असू शकेल. लगेच त्यांचं निदान करायला बसू नका.

जोडीदाराला, किंवा जोडीदार होऊ घातलेल्याला, मी लवकर सांगण्याच्या मताची आहे. एकत्र राहायचं तर मुखवटा किती दिवस टिकणार? पण पहिल्या भेटीतच सांगायला हवं असंही नाही. आणि तुमचं मूल ऑटिस्टिक असेल तर ती माहिती त्याची आहे हे विसरू नका. शाळेला गरजेपुरतं सांगा; तुमच्या मैत्रिणींना किती सांगायचं ते मूल कळत्या वयाचं झालं की त्यालाच विचारा.

अनोळखी ठिकाणी बोलणंच बंद पडतं, अशांनी खिशात एक छोटं कार्ड ठेवावं: ‘मी ऑटिस्टिक आहे. आत्ता बोलता येत नाही. लिहून विचारा. या नंबरवर फोन करा.’ काही विमानतळांवर सूर्यफुलांचा हिरवा गळपट्टा ओळखतात. न दिसणारी अडचण आहे एवढंच तो सांगतो, कोणती ते सांगत नाही. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर हे सुरू झालं. शब्द न वापरता सांगण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

९. सांगून झाल्यावर

त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. चांगली प्रतिक्रिया आली तरी अंग गळून जातं. मी त्या मैत्रिणीचं उत्तर आल्यावर तीन तास झोपले. आठवड्याभराने एकदा विषय आपणहून काढा, ‘काही विचारायचं राहिलं का?’ म्हणून. पुष्कळांना विचारायचं असतं आणि धीर होत नसतो.

बातमी फुटली तर ज्याने फोडली त्याला एकदा स्पष्ट सांगा की हे मला चाललं नाही. मग ज्यांना कळलंय त्यांच्यापैकी ज्याच्याशी रोजची गाठ आहे अशा एकदोघांना आपण होऊन भेटा आणि आपल्या शब्दांत सांगा. सगळ्यांमागे धावू नका. आणि एखाद्याला सांगून पस्तावलात तर पुढचं सांगणं बंद करायचा हक्क आहेच. अर्धं सांगून थांबता येतं. ‘याबद्दल सध्या एवढंच,’ हे पूर्ण वाक्य आहे.

वहीतला तो दीड पानी संदेश अजून आहे. त्यातल्या ३१ जणांपैकी पाच जणांना मी वेगवेगळं, वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. तो विनोद टाकणारा माझा आतेभाऊ त्यांपैकी एक. त्याच्या धाकट्याला शाळेत त्रास होत होता, म्हणून त्याने फोन केला होता. म्हणजे आधी मेसेज टाकून मग केला होता. सहाव्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह करून ठेवलंय, आणि ग्रुप म्यूट आहे.